उजव्या हाताची दोन बोटं

किस्से मी गोळा करत नाही. कॅम्पातल्या माझ्या खोलीत बेस गिटार शिकायला येणारी माणसंच ते आणून टाकतात, आणि वर मलाच विचारतात, "सर, चेहरा का उतरलाय?" माझं मागणं मोठं नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी मला द्या. एक सूर पहिल्या बोटानं, पुढचा मधल्यानं, परत पहिल्यानं. माणूस दोन पायांवर चालतो तसं. पण नाही! सगळे लंगडी घालत येतात.

*

वडगावचा सुरेश पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेला. तार ओढायची म्हणजे उपटायचीच, असा त्याचा समज. "हळू रं, आवाज वाढवायचं काम अँप्लिफायरचं," हे सांगून माझा घसा बसला. शेवटी सगळ्यात बारीक तार तुटली. "नीट करून आण," म्हटलं. पुढच्या वेळी गडी तीच तार लावून हजर. मधोमध गाठ, पक्कड लावून आवळलेली.

"आमच्यात तुटलं की गाठ मारत्यात सर, टाकून देत न्हाईत."

गाठ सुरेख होती. त्यामुळं माझं डोकं जास्तच फिरलं.

*

शहापूरच्या सुनंदाआक्का शाळेत शिकवतात. बोटं एकाआड एक छान पडतात, पण नखं वाढलेली, त्यामुळं प्रत्येक सुराला तारेवर टक्क. मी नेलकटर पुढं केला.

"तिन्हीसांजा झाल्यात सर."

"मग उद्या सकाळी काढा."

"उद्या शनवार."

"परवा?"

"परवा हळदीकुंकवाला जायचंय, नखं रंगवायचीत. आणि सर, तुम्ही नखं खाऊ नका. लई वाईट सवय हाय."

*

या सगळ्यांवर कडी मारुतीअण्णांची. अण्णा हिंडलग्याचे, शहरात ऑफिसात नोकरी, घरी दोन म्हशी. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "आप्पा, रिसेप्शनला ऑर्केस्ट्रासंगं एक गाणं वाजवा. पण नीट वाजवा, माझ्या सासरची माणसं असणार." त्या एका गाण्यासाठी अण्णा माझ्याकडं आले. बाकी सगळं जमलं, मधलं बोट काही हलेना. एका बोटानं वाजवायचे, दुसऱ्या कडव्याला दमायचे, आणि आख्खं गाणं त्यांच्यासोबत मागं ओढलं जायचं.

"येताजाता बोटांचा सराव करा," मी म्हटलं. चुकलंच माझं. अण्णांनी तो धार काढताना केला. म्हशीनं लाथ मारून चरवी पाडली. अण्णांच्या घरनं वहिनींचा मला फोन आला. "सर, अभ्यास देताना दुभत्या जनावराचा तरी इचार करत जावा."

*

मग मी चिडून म्हटलं, "पहिलं बोट बांधूनच टाका, म्हणजे मधलं चालेल." अण्णा दुसऱ्या दिवशी बँडेज बांधून ऑफिसला गेले. बसमध्ये लोकांनी त्यांना उठून जागा दिली. संध्याकाळपर्यंत घरी माणसं शहाळी घेऊन भेटायला आली. निपाणीहून व्याह्यांनी काळजीनं फोन केला, "लग्न फुडं ढकलायचं का?"

*

रिसेप्शनला मी स्टेजच्या कडेला जीव मुठीत धरून उभा होतो. गाणं सुरू झालं. अण्णा एकाच बोटावर. त्यात आहेर द्यायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी मुलीच्या बापाला नमस्कार करणार. पाहुण्यानं हात जोडले की अण्णाही हात जोडायचे, आणि बेस गायब. गायक माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघायला लागला.

"अण्णा, हात सोडू नका!" मी ओरडलो.

दुसरं कडवं आलं. अण्णांनी खाली मान घातली, दात आवळले, आणि मधलं बोट तारेवर पडलं. मग पहिलं, मग मधलं. गाणं सरळ चालायला लागलं. मी तोंडातलं बोट काढलं.

नेमके तेव्हाच फेटा बांधलेले व्याही समोर आले आणि त्यांनी हात जोडले. अण्णांनी मान वर केली नाही. वहिनी मागनं कुजबुजल्या, "अवो, व्याही!" अण्णा वाजवतच राहिले. व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळं वऱ्हाड बघत होतं.

तेवढ्यात शालू सावरत नवरी खुर्चीवरनं उठली आणि सासऱ्यांजवळ आली.

"मामा, जरा दम धरा. आप्पांचं दुसरं बोट आत्ताच चालू झालंय."

व्याह्यांनी अण्णांच्या हाताकडं बघितलं. मग गाणं संपेपर्यंत ते हात जोडून तसेच उभे राहिले.