प्रवाळाची घरं

प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी जीवाश्म घासत होती. ओल्या दगडाचा वास आला आणि मला चिंचवडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं.

आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. कच्छहून आणलेला प्रवाळाचा जीवाश्म मी काचेवर पावडर टाकून घासत होते. बाबांची हयात कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर गेलेली, त्यांना राहवेना. "अगं, आठचा आकडा काढत घास," म्हणत त्यांनी दगड स्वतःकडे घेतला. तासाभरानं तो नळाखाली धरला, तर त्यावर चांदण्यांसारखी बारीक घरं उमटली होती, एकमेकांना खेटून.

"केवढ्या दाटीवाटीनं राहायचे गं हे!" भिंगातून बघत बाबा म्हणाले.

"समुद्र होता बाबा तिथं, उबदार. पण ते जीव कधीच मेले. ही नुसती रिकामी घरं," मी हुशारीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी संशोधनासाठी परगावी निघणार होते.

बाबांनी दगड पुसून माझ्या बॅगेत ठेवला. मग हळूच विचारलं, "एकट्यापुरता भात किती लावायचा असतो गं?"

"अर्धी वाटी," बॅगेची चेन ओढत मी म्हणाले. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.