देवपुरातली माळ्यावरची बाई

“तुला अख्ख्या जगात दुसरं गाव सापडलं नाही?” अभिमनने कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आला. “काश्मीर होतं, लंडन होतं. भूत बसवायचंच होतं तर तिकडे बसवायचं. धुळ्याला, देवपुरात कशाला आणलंस?”

“मी आणलं तेव्हा आपली पोर देवपुरात द्यायचीय हे कुणाला ठाऊक होतं?” कोकिळाने बशीतला चहा परत कपात ओतून कप नवऱ्यापुढे सरकवला. “होळीनंतर सांगितलेली गोष्ट ती. स्थळ आलं आखाजीला.”

“गोष्ट, गोष्ट! पोरीचं लग्न मोडायची वेळ आली तरी हिच्या तोंडात गोष्टच.”

“मोडलं नाहीये अजून, पप्पा,” सारिका डब्याचं झाकण लावत म्हणाली. तिला लॅबमध्ये नऊला पोचायचं होतं. “ललितशी बोलले मी. तो तर हसत होता.”

“तो हसेल. त्याची आई हसत नव्हती.”

हे मात्र खरं होतं. सकाळी सातलाच धुळ्याहून कामिनीबाईंचा फोन आला होता. सुपारी फुटून पंधरा दिवस झालेले, पुढच्या महिन्यात साखरपुडा. अशा वेळी विहीणबाईंचा फोन म्हणजे साड्यांचा असेल असं समजून कोकिळाने हसतच उचलला. तिकडून एकेक शब्द मोजून आला. “आमच्या माळ्यावर पहिली सून कोंडून मारलीय आणि ती अजून तिथेच फिरते, असं तुमच्या जळगावात बोललं जातं म्हणे. आता आमच्या देवपुरातल्या बायकाही मला विचारायला लागल्या. अहो, ललित माझा एकुलता एक. घरात अजून पहिली सूनच आली नाही, मग मी मारली कुणाला?”

ती बाई कोण, हे कोकिळाला पहिल्या वाक्यातच कळलं होतं.

“आजपासून या घरात पुस्तक नको,” अभिमन म्हणाला. “सुभाषचंदच्या वाचनालयातलं खातं बंद करून ये. आणि पापडाच्या पाळीला जायचं तर मुकाट्यानं पापड लाटायचे.”

कोकिळाने ओट्यावरची पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली.

जळगावात, पिंप्राळ्याच्या त्यांच्या कॉलनीत होळी झाली की पापडांच्या पाळ्या लागतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं आणि ऊन चढायच्या आत जिची पाळी तिचं पीठ संपवायचं. कोकिळा लग्न होऊन आली तेव्हा तिला पापड धड लाटता येत नव्हते. तिचा पापड पाहून बायका म्हणायच्या, “हा खानदेशाचा नकाशा कुणी लाटला गं?” पण एकदा हात रेंगाळत होते म्हणून तिने नुकतीच वाचलेली एक खुनाची कादंबरी सांगायला घेतली, आणि दहा किलो उडदाचं पीठ कधी संपलं ते कळलं नाही. तेव्हापासून तिच्या पोळपाटावरची लाटी दुसरीच कुणीतरी उचलून लाटते. तिने फक्त सांगायचं.

तीस वर्षांत कोकिळाची पुस्तकांबद्दलची मतं अशी पापडांवर पक्की झाली होती. प्रेमाची गोष्ट असली की पापड पातळ होतो, गोल होतो, त्यातून पलीकडचं दिसतं. खुनाची असली की हात भराभर चालतात, पण कडा फाटतात. भुताची असली की लाटणीच थांबतात, लाट्या वाळतात आणि पाळीवालीचं तोंड वाकडं होतं. म्हणून शहाण्या बायका आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या, “कोकिळा, उद्या प्रेमाचीच सांग बाई, पीठ जास्त आहे.”

अलीकडच्या प्रेमकथांवर मात्र तिचा राग होता. फोनवरच्या असोत की छापलेल्या, नायक कंपनीचा मालक, सदा कपाळाला आठी, आणि नायिका त्याच्यासमोर पाय घसरून पडणार. “पडल्याशिवाय प्रेमच होत नाही का गं यांच्यात?” ती विचारायची. “आणि तीनशे पानांत एकदाही कुणी भाजी निवडत नाही. लग्न झाल्यावर खातात काय?” नव्या भुतांचंही तसंच. पूर्वी भूत दिसलं की अंगावर काटा यायचा, आता ते देखणं असतं, रक्त पितं आणि कॉलेजच्या पोरीवर जीव टाकतं. “असला जावई जेवायला आला तर ताटात वाढायचं काय?” यावर गच्चीवर जो हशा पिकायचा त्यात दोन-चार पापड हमखास बिघडायचे. खुनाच्या कादंबऱ्यांना ती जरा मान द्यायची, पण शेवटच्या पानावर भलताच कुणी खुनी निघाला, की पाहुणा न जेवता उठून गेल्यासारखी रुसायची.

रुसायची, तरी पुस्तक अर्धं टाकायची नाही. कारण पुस्तकांनी तिच्यासाठी काय केलंय ते तिला माहीत होतं. एरंडोलजवळच्या खेड्यातून ती या घरात आली ती बारावी नापास होऊन, तोंडातून शब्द न फुटणारी. पहिल्या वर्षी तिने पिठाच्या डब्यामागे लपवलेली कादंबरी सासूला, भिकुबाईला, सापडली. भिकुबाई धुळ्याकडची, बोलणं अहिराणी, अक्षरओळख नाही, आवाज मात्र तीन गल्ल्यांना पुरेल असा. आता पुस्तक चुलीत जाणार असं कोकिळाला वाटलं. भिकुबाईने पुस्तक उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, “काय लिखेल शे यामा? वाच ना मग मोठ्याने. येकली येकली काय वाचस?” त्या दुपारपासून कोकिळाला या घरात आवाज मिळाला.

पुढे अभिमनला अपघात झाला. पाईपच्या कंपनीतून घरी येताना ट्रकचा धक्का लागला आणि दोन महिने पाय वजनाला बांधून पडून राहायची पाळी आली. तो चिडायचा, सलाइन उपटायचा. तेव्हा कोकिळाने त्याला एक रहस्यकथा वाचून दाखवायला घेतली, रोज एकच प्रकरण. कादंबरी अगदी सुमार होती. पोलिसांना दिसत नव्हतं ते पाचव्या पानावर तिला दिसलं होतं. पण अभिमनला खुनी कोण ते कळलं नव्हतं, आणि ते कळावं म्हणून तो उद्याची वाट बघत निमूट पडून राहायला लागला. त्या सुमार कादंबरीच्या सुमार लेखकाला ती अजून मनातल्या मनात नमस्कार करते.

आणि या वर्षी ती देवपुरातली बाई. मुळात कादंबरी कुठल्याशा थंड डोंगरावरच्या हवेलीतली, बाहेर बर्फ, आत शेकोटी. पण मार्चमध्येच तापलेल्या गच्चीवर बर्फ समजावून सांगण्यात अर्धी सकाळ जाते. म्हणून कोकिळा कुठलीही गोष्ट आधी खानदेशात आणते. हवेलीचा बंगला झाला, डोंगराची पांझरा नदी झाली, लंडनचा डॉक्टर अमळनेरचा झाला. ‘पुस्तकात असं आहे’ असंही ती म्हणत नाही, त्याने हात थांबतात. “धुळ्याला देवपुरात, नदीकाठी एक बंगला आहे. पुढे कडुनिंब, बाजूला लोखंडी जिना...” अशी सुरुवात केली की बायका सरसावून बसतात.

त्या दिवशी शेजारची बेबाबाई मात्र पाहुणे आले म्हणून मध्येच उठून गेली. माळ्यावरच्या दाराला आतून कुणी नखं ओढतंय, एवढ्यावरच ती गेली. पुढे ते सगळं सोंग निघतं, सून जिवंत असते, हे तिने ऐकलंच नाही, आणि ऐकलं तेवढं खरं धरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारिकाला देवपुरातलं स्थळ आलं, नदीकाठचा बंगला आहे हे कळलं, आणि बेबाबाईची झोप उडाली. भली बाई. कोकिळाला तोंडावर कसं सांगायचं म्हणून तिने धुळ्यातल्या आपल्या बहिणीला फोन केला. “चौकशी कर गं, पोरीचा जीव वाचव.” बहिणीने चौकशी केली. चांगली घरोघर केली.

चपला सापडल्या. कोकिळा दाराशी पोचली तेवढ्यात आतून भिकुबाई भिंतीला धरत बाहेर आली.

“काय चाली राह्यनं रे सकायपाईन?”

“माय, तू मध्ये पडू नको,” अभिमन म्हणाला. “हिची पुस्तकं बंद केलीत मी.”

“तू दवाखानामा व्हता तवय हाईच वाची दखाडे ना तुले? तवय पुस्तकं चांगला व्हतात, आते वाईट व्हयनात का?”

अभिमनने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. कोकिळाला हसू येणार होतं, पण म्हातारी तिच्याकडे वळली.

“आनि तू वं? गोष्ट तुनी शे, गाव त्यासनं शे. लोकंसनं गाव काबर लिधं? इचारं व्हतं का त्यासले?”

नवऱ्याचं सगळं बोलणं कोकिळाने सहज अंगावर घेतलं होतं. लोकांचं गाव न विचारता का घेतलंस, हे मात्र लागलं, कारण ते खरं होतं. आपण गोष्ट सांगतो तेव्हा त्या गावात माणसं राहतात, त्यांच्या दारात कडुनिंब असतो, त्यांचीही लग्नाची मुलं असतात, हे इतक्या वर्षांत तिच्या मनात आलं नव्हतं.

नव्या पेठेत सुभाषचंद यांचं स्टेशनरीचं दुकान. दुकानाच्या मागे, वह्यांच्या गठ्ठ्यांपलीकडे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं वाचनालय. आता तिथे मोजके पंधरा-वीस वाचक येतात. नवीन काही आलं की सुभाषचंद ते आधी बाजूला काढून ठेवतात आणि विचारलं तर म्हणतात, “हे कोकिळाताईंचं. त्या आधी चाखतील.”

तिने पिशवीतलं वाचून झालेलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. “भाऊ, खातं बंद करायला सांगितलंय घरून.” आणि सगळं सांगितलं.

सुभाषचंद यांनी चष्मा कपाळावर चढवला. “त्या हवेलीच्या पुस्तकामुळे? अहो ताई, तुमच्यानंतर नऊ बायका नेऊन वाचून गेल्या ते. एकीलाही नाव सांगता आलं नाही. सगळ्या येऊन म्हणायच्या, देवपूरच्या बंगल्याचं द्या. मला कळायला दोन दिवस लागले.” ते आत गेले, ते हवेलीचं पुस्तक काढून आणलं, फडक्याने पुसलं. “एक बाई परत येऊन भांडली. म्हणाली, यात धुळं कुठे आहे? फसवलंत मला.”

कोकिळा सकाळपासून पहिल्यांदा मोकळी हसली. मग तिला वाटलं, तीस वर्षं हा माणूस आपल्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवतोय आणि आपण त्याला कधी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

“भाऊ, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.”

“काय बोलता ताई. तुम्ही सांगता म्हणून तर इथली पुस्तकं फिरतात. नाहीतर कधीच वह्या भरल्या असत्या इथे.” त्यांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. “हे न्या. आणि खात्याचं मी काही ऐकलं नाही.”

दुकानाच्या पायरीवर सावली होती. तिथेच बसून तिने धुळ्याला फोन लावला.

“कामिनीताई, कोकिळा बोलतेय. तुमच्या माळ्यावरची बाई मी बसवली.”

कोकिळाने पुस्तक, पापड, बर्फ, बेबाबाई, सगळं क्रमाने सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. ते तिला जरा जड गेलं.

“पुस्तकातली आहे?” कामिनीबाई म्हणाल्या. “मग आमचा कडुनिंब तुम्हाला कसा दिसला? लोखंडी जिना कसा दिसला? सुपारीच्या वेळी तुम्ही पहिल्यांदा आलात घरी.”

“फार वर्षांपूर्वी मावशीकडे आले होते देवपुरात. नदीवर फिरायला गेलो तेव्हा एक घर पाहिलं होतं. किती नीट ठेवलंय म्हणून लक्षात राहिलं. ते तुमचंच, हे मलाही सुपारीच्या दिवशी कळलं नाही. आत्ता तुम्ही जिना म्हणालात तेव्हा कळतंय.”

“जिना यांनी उभं राहून बसवून घेतलाय,” कामिनीबाईंचा आवाज किंचित खाली आला. पण लगेच सावरल्या. “ते राहू द्या. मला सांगून काय उपयोग? बायका मला भाजीच्या गाडीवर गाठून विचारतात. तुम्ही इथे या, त्यांच्यासमोर सांगा, पुस्तक दाखवा. तोवर साखरपुड्याची तारीख मी पक्की करणार नाही.”

“येते. चूक माझी आहे. तुम्हाला न विचारता तुमचं घर घेतलं मी.”

“बोलावते मग सगळ्यांना.” फोन ठेवता ठेवता त्या थांबल्या. “आणि ती बाई... खरंच भूत असते का हो?”

“शेवटपर्यंत बेबाबाई बसली नाही म्हणून एवढं झालं, ताई. तुम्ही बसाल ना?”

तिकडून आधी नाकातून, मग खुदकन हसल्याचा आवाज आला.

ती घरी पोचली तेव्हा अभिमन आणि भिकुबाई जेवायला बसले होते. सारिकाही जेवणाच्या सुट्टीत घरी आली होती. आईकडे बघून तिचा घास हातातच राहिला. अभिमनने वर न बघता विचारलं, “केलंस बंद?”

कोकिळाने पिशवीतून पुस्तक काढून फ्रिजवर ठेवलं, हात धुतले आणि ताट घेतलं.

“गुरुवारी सकाळच्या एसटीने मी धुळ्याला जातेय. कामिनीताई शेजारणींना बोलावतील, त्यांच्यासमोर गोष्ट पुस्तकातल्या गावासकट सांगेन आणि त्यांचं घर वापरल्याची माफी मागेन. वाचल्याची मागणार नाही. खातं बंद केलेलं नाही, करणारही नाही. येताना संध्याकाळ होईल, त्या दिवशी भाकरी तुम्ही थापा.”