सव्वीस चाली

खण्ण!

ओट्यावर टोपलीत निथळत ठेवलेल्या भांड्यांतला एक चमचा आपोआप घसरतो आणि दुपारी सव्वादोनला गपगार झालेलं आमचं दोन खोल्यांचं घर दचकतं. मी श्वास रोखून जुईकडे बघते. ती कूस बदलते, एक पाय माझ्या पोटावर टाकते आणि पुन्हा झोपते. सुटले!

हा माझा तास. बालवाडीतून जुईला खांद्यावर झोपलेलीच घेऊन तीन जिने चढायचे, दारातच तिच्या पायातलं आणि माझ्या पायातलं कसंबसं भिरकावायचं, तिला अलगद खाली ठेवायचं आणि तिच्या शेजारी आडवं होऊन फोन उघडायचा. आजही तसंच केलंय. घाईत माझी एक चप्पल उलटी पडली, तेवढं दिसलं. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं आई म्हणायची. पण पोर खांद्यावर असताना वाकणार कोण? पडू दे उलटी. भांडायला आत्ता घरात जागं कोण आहे?

फोनवर छत्तीस चौकोन, सगळे पालथे. एका चालीत दोन उलटायचे. चित्रं सारखी निघाली तर उघडी राहतात, नाहीतर परत पालथी. अठरा जोड्या जितक्या कमी चालींत लावाल, तितकं यादीत तुमचं नाव वर. माझी आजवरची सगळ्यात चांगली खेळी एकोणतीस. माझ्या वर एकच नाव आहे. अक्का, सत्तावीस.

अक्का म्हणजे माझी आई, अक्काताई. तिला जाऊन तीन वर्षं झाली. त्या यादीतून तिला अजून कुणी हलवलेलं नाही, आणि मी रोज दुपारी तिला हरवायला बसते.

आईचा नदीकाठच्या देवळाबाहेर चपलांचा स्टँड होता. बावीस वर्षं. बिल्ला नाही, खडूनं घातलेला आकडा नाही. गुरुवारी दोन-अडीचशे जोड यायचे, तरी दर्शन घेऊन माणूस परतला की तो तोंड उघडायच्या आत त्याच्या चपला त्याच्या पुढ्यात. त्याही नुसत्या टाकलेल्या नाहीत. टाचा देवळाकडं, तोंडं रस्त्याकडं. पाय घातला की माणसानं सरळ चालायला लागावं. हातात जोड असले तर ती बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्यानं सुद्धा चपला फिरवायची, इतक्या झटकन की बघणाऱ्याला वाटावं चपलाच वळल्या.

मग एका गुरुवारी तिनं एका शाळामास्तरांना दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला दिल्या.  अक्कानं दिल्यात म्हणजे आपल्याच असणार, असं म्हणून मास्तर दोन बोटं मोठ्या चपला फटक फटक वाजवत घरी गेले. दुसऱ्या दिवशी ओशाळं हसत परत घेऊन आले. तिथून तिचं विसरणं आम्हाला कळायला लागलं.

तिला माझ्याकडे आणलं. डोक्याला चालना मिळेल म्हणून हा खेळ मीच तिला शिकवला. चौकोनांना ती खण म्हणायची. एका बऱ्या दिवशी तिनं सत्तावीस चालींत अख्खा फळा उघडला आणि आम्ही दोघी ओरडलो! नंतर नंतर एकच चौकोन ती पाच-पाच वेळा उघडायला लागली आणि एकदा मी खेकसले, “आत्ताच उघडलं होतंस ना ते!” त्यानंतर तिनं फोन मागितला नाही.

शेवटचे आठ दिवस दवाखान्यात ती मला ‘बाई’ म्हणत होती. माझ्या तोंडाकडं बघायची नाही, खालीच बघायची. “बाई, दर्शन झालं का?” स्टँडवर परतलेल्या प्रत्येकाला ती विचारायची, तेच. मी कोण हे तिला कळत होतं की नाही? हा एकच प्रश्न घेऊन मी तीन वर्षं फिरतेय, आणि विचारायचं ज्याला, तेच माणूस नाही.

तर आजची चाल पहिली. छत्री. दुसरा चौकोन पोपट. पालथे. माझे डोळे मिटायला लागलेत, पण बोट चाललंय. तिसरा चौकोन बोटाला काचेसारखा लागत नाही, खरखरीत लागतो. लाकडासारखा. मी ढकलते, तर तो आत जातो आणि चामड्याचा, धुळीचा, उन्हात तापलेल्या रबराचा वास येतो.

“बाई, दर्शन झालं का?”

आई बुटक्या स्टुलावर बसलीय. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर फडकं. तिच्यामागं सहा गुणिले सहा खणांची फळी, आणि प्रत्येक खणाला पालथा चौकोन.

“आई!”

“वरडू नगंस. पोरगी उठंल.”

“आई, मी नंदा.”

“मी इचारलं का तुला कोण म्हणून? खेळायला आलीस न्हवं? खेळ की मग.”

 रडावंसं नाही वाटत, शप्पथ सांगते. शाळेत पळायच्या शर्यतीत रेघेवर उभं राहिल्यावर वाटायचं, तसं वाटतं. मी म्हणते, “आई, मला एक विचारायचंय.”

“समदी तेच म्हणत्यात. माझ्यापेक्षा कमी चालीत लाव, मग इचार. सत्तावीस हायत माझ्या.”

“सत्तावीसच झाल्या तर?”

“बरोबरीला काय न्हाई. बरोबरीला चहा.”

मी पहिला खण उघडते. हिरव्या पट्ट्याची रबरी चप्पल. दुसऱ्यात कोल्हापुरी. पालथे. तिसऱ्यात कोल्हापुरी! मी झेप घेते. टिंग! जोडी उघडी राहते.

“बघ, लागली,” मी म्हणते.

“एक लागली म्हणून एवढं नाचायचं? अजून सतरा हायत.”

मी खालच्या ओळीसाठी वाकते, आणि घाट उतरत असते. खण आता पायऱ्यांवर मांडलेत, खालच्या दोन ओळी पाण्याखाली. मी गुडघाभर पाण्यात शिरून चौकोन उलटते. आई वरच्या पायरीवरून ओरडते, “डावीकडं! आगं, डावा हात कुठला तुझा?” बूट, बूट, टिंग! मोजडी, मोजडी, टिंग! नऊ जोड्या, तेरा चाली. हे मला कधीच जमलेलं नाही. फटक फटक असा आवाज येतो आणि मास्तर पायऱ्या चढून येतात, पायांत तेच मोठाले जोड.

“मास्तर, अजून त्याच व्हय?” आई विचारते.

“तुम्ही दिल्यात अक्का, काढायच्या कशा?”

आई पदरात तोंड घालून हसते. इतकी हसते की मीही हसते, आणि हसता हसता चौदाव्या चालीला तोच ओला खण पुन्हा उघडते.

“आत्ताच उघडलं हुतंस न्हवं ते!” आई म्हणते.

माझा हात थांबतो. माझंच वाक्य. माझाच खेकसणारा सूर, जसाच्या तसा.

“आई, तेव्हा मी—”

“गप. पाणी चढतंय, खेळ.”

“मला लक्षातच राहत नाही गं तुझ्यासारखं.”

“चपला कशाला लक्षात ठेवतीयास? चपला झिजत्यात, बदलत्यात. तोंडं सुदा बदलत्यात, पावडरी लावून येत्यात लोक. पाय बघ. कोण टाच घासत चालतंय, कोण करंगळी आखडून. पाय बघितलंस की चप्पल आपोआप घावती.”

मी पाय बघायला लागते. आणि काय सांगू! प्रत्येक खणासमोर कुणीतरी उभं असल्यासारखं होतं. दुधवाल्याच्या भेगा. जोडवी घट्ट झालेली एक बाई. लंगडणारे पुजारीकाका. टिंग! टिंग! पंधरा. सतरा. वीस. माझ्या पायांखाली पाणी नाही, फरशी आहे, पांढरी काळी, चौकटीचौकटीची. फिनेलचा वास. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. दवाखान्याचा वॉर्ड आहे, आणि मी खाटांखाली रांगत चौकोन उघडतेय. आई नऊ नंबरच्या खाटेवर पाय लोंबकळत ठेवून बसलीय आणि मोजतेय.

“तेवीस. चोवीस. आता चारच राहिलं बघ.”

सोळा जोड्या लागल्या, चार चौकोन पालथे. हे चारही मी मघाशी कधीतरी उघडून पाहिलेत, पण कुठं काय ते पार पुसलं गेलंय. आता दोन्ही जोड्या बरोबर लागल्या तर सव्वीस. एक जरी चुकले तर सत्तावीस. बरोबरी. प्रश्न नाही.

“आई, सांग ना.”

“मी न्हाई सांगायची. शाळंत कॉपी करत हुतीस का?”

“दोनदा.”

“म्हाईत हाय मला.”

मी पहिला उघडते. शाळेतले माझे तपकिरी सँडल. एका पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिवण, आईनं घातलेली. शाळा सुटल्यावर मी पळत स्टँडवर यायची, सँडल उडवून मागच्या पोत्यावर अभ्यासाला बसायची; आणि उठायची तेव्हा ते सगळ्यात खालच्या खणाशी, टाचा आत, तोंडं रस्त्याकडं.

उरले तीन. याची जोडी कोणती? मी डोळे मिटते. चौकोन बघायचा नाही. पाय बघायचे. माझे पाय. घाईत आलेले. डब्याची पिशवी घेऊन आलेले. मी हात घालते खाटेखालच्या, अगदी भिंतीकडच्या चौकोनाला.

निळी रबरी चप्पल. दवाखान्यातल्या दिवसांतली माझी.

“चुकलं,” माझ्या तोंडून निघतं.

“काय चुकलं? नीट बघ की.”

मी बघते. चपला खाटेखाली आहेत. टाचा भिंतीकडं, तोंडं बाहेर. ते आठ दिवस मी आले की खाटेपाशी चपला कशाही काढून आईला भरवायला बसायची, आणि निघताना त्या अशा ठेवलेल्या असायच्या. रोज. मला वाटायचं झाडणाऱ्या मावशींचं काम. पण शेजारीच विनायकच्या, माझ्या नवऱ्याच्या चपला, एक इकडं, एक तिकडं. रोज त्या तशाच. फक्त माझ्या वळलेल्या. हे मी तेव्हाही पाहिलं होतं की! पाहिलं आणि पालथं घातलं.

खाटेवरून लोंबकळणाऱ्या आईच्या पायाचा अंगठा हळूच हलतो.

टिंग!

“पंचवीस,” आई म्हणते. “पाय एकच हायत न्हवं?”

उरलेल्या दोन चौकोनांत काय, चुकायला जागाच नाही. सव्वीस! मी जिंकलेय! मी वॉर्डच्या मधोमध उड्या मारतेय आणि बाकीच्या खाटांवरचे लोक टाळ्या वाजवताहेत, कुणीतरी ताट बडवतंय.

“इचार आता,” आई म्हणते. “काय इचारायचं हुतं?”

मी तोंड उघडते. काळा दोरा आणि निळं रबर, दोन्ही खण उघडे आहेत, शेजारी शेजारी.

“काही नाही,” मी म्हणते.

“आगं बया! एवढं खेळून काय न्हाई?”

“काही नाही गं. दर्शन झालं.”

ती हसते. मग वाकून शेवटच्या, आपोआप उघडलेल्या जोडीकडं बघते. छोटे गुलाबी सँडल, पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवा लागणारे. ती ते हातात घेते, तळ बघते, बोटानं पट्टा चाचपते. पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी पडते.

“ही कुणाची गं? ह्या पायांची न् माझी ओळख न्हाई.”

आई गेली तेव्हा जुई आठ महिन्यांची होती. तिला जमिनीवर उभं राहिलेलं आईनं कधी पाहिलंच नाही.

“आई, त्या जुईच्या. अगं, ती आता पळते. जिना चढते, म्हणजे मी चढवते, पण उतरते तिची ती. थांब, मी आणते तिला, तू फक्त पाय बघ—”

“आण की. मी हाय हितंच.”

मी वळते, पळते, पायऱ्या, फरशी, घाट, जिना, आणि कुणीतरी ताट बडवतंय, अजून बडवतंय—

डोळे उघडतात. गालाखाली फोन. त्यावर तोच फळा, छत्तीस चौकोन, एकच चाल झालेला. छत्री, पोपट. सगळं परत पालथं. यादीत वर अक्का, सत्तावीस. खाली मी, एकोणतीस. म्हणजे काहीच झालेलं नाही. तरी छाती शर्यत जिंकल्यासारखी उडतेय आणि मी एकटीच हसतेय.

शेजारची जागा रिकामी आहे. स्वयंपाकघरात चमच्यानं ताट बडवल्याचा आवाज येतो, मग थांबतो.

“जुई?”

“मम्मी, इकडे ये.” आवाज आता दारापाशी.

मी उठून जाते. जुई हातात चमचा घेऊन पायपुसण्याजवळ उकिडवी बसलीय. दाराची वरची कडी आतून लावलेली, तिचा हात पोचत नाही तिथं. खाली माझ्या चपला. उलटी पडलेली सुलट झालीय. दोन्ही एकमेकींना चिकटून, टाचा घराकडं, तोंडं जिन्याकडं.

त्यांच्या बाजूला जुईचे गुलाबी सँडल. एक पालथा, एक भिंतीला टेकलेला. मी दुपारी भिरकावले होते, तसेच.

“तू लावल्यास?” मी विचारते. 

ती मान हलवते. नाही. मग माझ्या चपलांकडं बघते, आपल्या सँडलकडं बघते, आणि तिचा खालचा ओठ पुढं येतो.

“मम्मी, तुझ्याच नीट ठेवल्या. माझ्या का नाही ठेवल्या?”