लेकीचं काम
डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवताना डिंकाच्या वासाने, नातवंडांनो, मला तुमच्या आईची एक दुपार आठवली. आमच्या अरेरा कॉलनीतल्या घरी ती तीन दिवसांपासून एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही सुधारता येणारा, डेटाबेस बिल्ड करत होती, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करत होती. ते होईना, आणि “हे मला जमणारं नाही” म्हणत ती रडकुंडीला आली होती. मग तिला फोल्डरचं बदललेलं नाव दिसलं. “आई, कॉम्प्युटरपण आवरलास?” तिने विचारलं. डब्यांना अशाच चिठ्ठ्या लावताना मीच तिच्या फोल्डरलाही शिस्तीत ‘लेकीचं काम’ असं नाव दिलं होतं, आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर बिल्डची स्क्रिप्ट अडखळत होती. मी ओशाळून म्हटलं, “बदलते गं.” “राहू दे, चूक स्क्रिप्टची आहे,” म्हणत तिने स्क्रिप्टच सुधारली आणि डेटाबेसवाल्यांना पाठवली. सोबत लिहिलं, ‘ही चूक माझ्या आईने शोधली.’ मी काही शोधलं नव्हतं, पण ते वाक्य मी अजून अधूनमधून उघडून वाचते.