डॉलरचा भाव

एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार. मी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा व्यापार करत होतो. त्याआधी दहा वर्षं बैलबाजारात दलाली केली होती. बापानं मला काही दिलं नाही, मिळवलं ते जिभेवर. विणकाम पाहायला आलेली एक परदेशी बाई माझ्याकडून कोशाचे तागे घेऊन गेली आणि तिकडून तिनं डॉलरचा चेक पाठवला. त्या पैशातून मला लाखनीला हमरस्त्यावर दुकानाची जागा घ्यायची होती. जागेचा मालक म्हणाला होता, "दिवाळीवरी थांबतो. मंग नाही." दिवाळीला अडीच महिने होते.

भंडाऱ्याच्या बँकेत कारकुनानं चेक उलटापालटा करून पाहिला.

"भाव काय देता, साहेब?"

"भाव आज नाही सांगता येत, भाऊ. चेक बाहेरदेशी जाईल, वसूल होईल, त्या दिवशीचा भाव लागन. दोन महिने धरून चाला."

"माल आज घेता अन् भाव दोन महिन्यानं सांगता? बैलचोरबी असा सौदा नाही करत."

मला वाटलं, चारचौघांत आकडा बोलायला तो कचरतोय. बैलबाजारात भाव तोंडानं बोलतच नाहीत. दुपट्ट्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबतात. जेवढी बोटं, तेवढा आकडा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं दोनदा दाबली. आठ रुपये.

तो विंचू डसल्यासारखा ओरडला, "हात सोड! लाच देऊन राहिला का बे मले?"

रांगेतली माणसं हसायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "दात पाहून घे त्याचे, मंग इसार दे!"

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. त्यानं हात ओढला, मी पिरगळला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. शिपाई धावून आला, त्याला मी स्टूल फेकून मारलं. ते काउंटरच्या काचेवर गेलं आणि काच खळकन खाली आली.

ठाण्यात हवालदारानं मला पट्ट्यानं सोलून काढलं. सकाळी बँकेचे मॅनेजर आले. म्हणाले, "माफी लिहून द्या, काच भरून द्या. तक्रारही मागं घेतो अन् चेकही घेतो."

मी म्हटलं, "आधी भाव सांगा."

हवालदारानं कानशिलात ठेवून दिली.

जामिनावर सुटलो. तीन आठवडे माफी लिहिली नाही. दुसऱ्या बँकांच्या पायऱ्या झिजवल्या, पण डॉलरचा चेक कोणी हातात धरेना. शेवटी दात खाऊन चार ओळी लिहिल्या. त्याच कारकुनानं चेक घेतला. उजव्या हाताला प्लास्टर होतं, डाव्या हातानं त्यानं पावतीवर शिक्का मारला आणि एवढंच म्हणाला, "मागं सही करा."

पैसे जमा झाले दिवाळीनंतर नवव्या दिवशी. भाव आठाला तीन पैसे कमी. त्यातून बँकेचं कमिशन कापलेलं.

त्याच दिवशी लाखनी गाठली. जागेवर चुन्यानं पाया आखलेला, खुंट्या ठोकलेल्या. तिथं हॉटेल होणार होतं. मालक उभा होता.

"दिवाळीवरी म्हटलं होतं ना तुले? वरतून चार दिवस अजून थांबलो. कायले बोंबलून राहिला?"

मी खुंट्या उपटल्या, शेजारच्या धानाच्या बांधीत भिरकावल्या, शेवटची त्याच्या खांद्यावर हाणली. त्यानं फावड्याचा दांडा माझ्या डोक्यात घातला. पाच टाके पडले.

पुढच्या वर्षी रस्त्यापलीकडची जागा दीडपट पैसे मोजून घेतली. दुकान चांगलं चाललं. पण माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाला मी समोरच्या त्या हॉटेलात चहा पिऊ देत नाही. चहा घरून येतो. येईपर्यंत थंड होतो, तरी तोच प्यावा लागतो.