दोन दोऱ्यांमधलं मैदान

दुसरं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. नेब्रास्कातल्या त्या कॉलेजामागे लष्कराने टाकून दिलेल्या पत्र्याच्या झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीत इर्मा वोंद्राने संसार थाटला होता. नवरा एमिल सव्विसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जात होता आणि पुन्हा फुटबॉल खेळत होता, तो अमेरिकी, समोरासमोर रांगा लावून धडकायचा. लढाईवर जाण्याआधी त्याला एकच हंगाम मिळाला होता, तोही अर्धा. तेव्हा त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उभे राहणारे दोघेही लढाईवरून परतले नाहीत.

"एक हंगाम पुरा खेळू दे. मग म्हणशील ती नोकरी धरतो," तो म्हणाला होता. इर्माने वाद घातला नाही.

पण तोफांनी त्याचे कान नेले होते. घरात भागायचं, ती समोर येऊन बोलायची. मैदानावर मात्र रांगेमागे उभ्या गड्याची आकड्यांची हाक पाठीमागून यायची. ठरल्या आकड्याला मधला गडी वाकून पायांतून चेंडू मागे देणार, तेव्हाच सगळ्यांनी उसळायचं, आणि त्याआधी रांगेतलं कुणी हललं, की सगळा संघ पाच यार्ड मागे. एमिल अंदाजाने उसळायचा. एका सामन्यात अंदाज पुन्हापुन्हा चुकला.

"बहिरा आहेस का रे?" कोच स्टॉडर्ड त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडले.

"बराचसा," एमिल म्हणाला.

त्या दिवसापासून तो बाकावर.

घरी आल्यावर तो एक बूट काढून तसाच बसून राहिला. इर्माने कोलाचीची, खसखस भरलेल्या गोड पावांची थाळी त्याच्यापुढे सरकवली.

"कान गेले. डोळे आहेत ना?"

"असून काय उपयोग?"

"दूध उतू चाललंय हे मला कोण ओरडून सांगतं? नजर ठेवते मी."

सकाळी कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्यांमध्ये ती पदर खोचावा तसा एप्रन खोचून वाकली आणि पायांतून चेंडू मागे दिला. तो धुण्याच्या टबावर आदळला. शेजारी ओणव्या एमिलने डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू पाहायचा, तो हलला की उसळायचं. इर्मा लबाड. खांदे हलवायची, मान झटकायची, चेंडू मात्र सोडायची नाही. एमिल फसला की एक चादर त्याने पिळायची.

शेजारच्या मेबलचा नवराही संघात होता. ती दारातून म्हणाली, "इर्मा, तुला कधी घेतायत संघात?"

"तुझ्या नवऱ्याला काढलं की."

आठवड्यांमागून आठवडे गेले. चादरी कमी होत गेल्या, तरी बोलावणं येईना. तो रोज सरावाला जाऊन बाकावर बसायचा, ती रोज वाकायची.

मग परगावचा सामना आला. तिथल्या लोकांनी असा गलका केला की धडधाकट कानांच्या पोरांनाही आकडे ऐकू येईनात. एकेक जण आधीच उसळू लागला, संघ मागे मागे ढकलला जाऊ लागला. स्टॉडर्डनी बाकाकडे पाहिलं आणि हाताने खूण केली. बायकांमध्ये बसलेल्या इर्माने हातमोज्यांची गुंडाळी करून मुठीत दाबली.

एमिल शेवटपर्यंत एकदाही आधी हलला नाही. तरी सामना गेलाच. एकट्याने रांग होत नाही.

हंगामातला एक सामना उरला होता. सोमवारी इर्मा चादरी वाळत घालत होती, तर दोऱ्यांपलीकडे स्टॉडर्ड उभे, मागे रांगेतली सगळी पोरं आणि कडेला एमिल.

"मिसेस वोंद्रा, वोंद्रा म्हणतो, हे तुम्ही शिकवलंत." त्यांनी टोपी काढली. "या गाढवांनाही शिकवाल?"

इर्माने तोंडातला चिमटा दोरीला लावला. मग शांतपणे पुन्हा काढला.

"आधी ही धुणी उतरवू लागा, मैदान मोकळं होऊ दे. आणि चुकाल त्याला पिळायला अजून टबभर चादरी आहेत."