दारातलं इंजिन

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे झाले असतील, तर ते ह्यांच्या कानांचे. मिक्सरचं बेअरिंग जायला लागलंय हे ह्यांना आंघोळ करताना कळतं. शेजारच्या फ्रिजचा आवाज बदलला, तर हे भिंतीला कान लावून उभे राहतात आणि मग शेजारणीला काय सांगायचं ते मी बघायचं. पण "अहो, तेवढा कचरा बाहेर ठेवा" हे वाक्य बत्तीस वर्षांत त्या कानांत एकदाही शिरलेलं नाही.

स्कूटरवर तर बोलायलाच नको. मी मागे बसून ह्यांच्या पाठीशी संसार केला. थोरलीला स्थळ आलं तेव्हाही मी मागून सांगत होते आणि हे म्हणत होते, "थांब गं जरा, ऐकू दे." माझं नव्हे हो, इंजिनचं.

हे महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. तिथे ह्यांना कानमास्तर म्हणतात. दुरुस्त झालेली गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी शेवटची फेरी ह्यांनी मारायची आणि हे "हं" म्हणाले तरच गाडी बाहेर पडायची. त्या लांबलचक सेडान गाड्यांना क्लच नसतो, गिअर आपले आपण बदलतात. तो बदल बसलेल्या माणसाला कळलासुद्धा नाही पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. "इंजिनचा आवाज उतरला, की त्याच क्षणाला पाठीला गाडीची ओढ कळली पाहिजे. आवाज आणि ओढ बरोबर!" हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

मग नवा मॅनेजर आला. आमच्या थोरलीच्या वयाचा, स्वभावाने गोड, पण जिथे तिथे लॅपटॉप जोडणारा. "काका, आधी लॅपटॉप काय म्हणतो ते बघू." काका म्हटल्याचं ह्यांना काही वाटलं नाही. लॅपटॉपला आधी विचारलं, ते मात्र झोंबलं.

त्यातच एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. मागे बसलं की गाडी अडखळल्यासारखी वाटते, पोटात ढवळतं, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या ड्रायव्हरला विचारावं, तर तो म्हणे मला काहीच जाणवत नाही. लॅपटॉप म्हणाला, सगळं ठीक. ह्यांनी फेरी मारली आणि परत येऊन फर्मान काढलं, "आवाज आधी उतरतो, गाडी मागाहून ओढते. गिअरबॉक्स सुस्त झालाय. उघडा."

मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्या शब्दावर सोमवारी उघडतो. पण ते काम म्हणजे गाडीचं पोट फाडण्यासारखं आहे. आत काही निघालं नाही, तर पुढच्या फेऱ्या लॅपटॉपवाला मारेल. तुम्ही काउंटरवर बसायचं."

हे मला घरी आल्या आल्या कळलं असं समजू नका. दोन दिवस खोदून खोदून विचारलं, तेव्हा तोंड उघडलं. "काउंटरवर बसून मी ऐकू काय? स्टेपलर?" असं म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. मला आधी हसू आलं, मग ते ताट झाकून ठेवलं. ह्या माणसाकडून ती फेरी काढून घेतली, तर उरणार काय, हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

शनिवारी हे चष्मा विसरून गेले. मी तो घेऊन वर्कशॉपला पोचले, तर सगळे जेवायला गेलेले आणि हे एकटेच त्या गाडीजवळ उभे.

"बरी आलीस. मागे बस."

"मी? मालकाच्या गाडीत बाहेरचं माणूस चालत नाही ना?"

"नाही चालत. बस. मला मागे वजन पाहिजे."

बत्तीस वर्षांनी ह्यांना माझा उपयोग सापडला तो हा! तरी बसले. सीट अशी की माझा दुखरा गुडघा पहिल्यांदा गप्प झाला. हे रस्त्याला लागले. रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर. गाडीने वेग घेतला तसा खालच्या पट्टीतला एक घुमारा चढत गेला, मग एकदम उतरला, आणि जरा वेळाने मला मागून कुणी ढकलल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई खोटं बोलत नव्हत्या. मला मळमळायला लागलं म्हणून मी दारावर हात टेकला, तर तळहाताखाली दार थरथरत होतं.

"अहो, इंजिन पुढे असतं ना?"

"गप्प बस, ऐकू दे."

"तुम्ही खुशाल ऐका. पण माझ्या दारात एक इंजिन आहे."

"हं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "गाडी थांबवा आणि इथे येऊन हात लावा!" मी अशी ओरडले, की ह्यांनी खरंच गाडी बाजूला घेतली. गाडी जागेवरच राहील अशा बेताने गिअर लावला, मला पुढे बसवलं आणि म्हणाले, "हळूच ॲक्सिलरेटर दाब." मी दाबला. हे मागच्या दाराला आधी हात आणि मग कान लावून बसले. आरशात मला ह्यांचा चेहरा दिसत होता. एवढंसं तोंड झालं हो.

त्या दारात स्पीकर होता. ह्या नव्या गाड्या आतून इतक्या शांत असतात, की बसणाऱ्यांना मजा येत नाही. म्हणून इंजिनचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. हे ह्यांनी कधीतरी वाचलंही होतं. पण पुढे तो टचस्क्रीनचा पडदा असतो ना, त्यात डोकं घालणं म्हणजे ह्यांना कमीपणा! मी आणलेला चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा तो पडदा उघडला. आवाजाची सेटिंग शर्यतीच्या गाडीसारखी केलेली, आणि गिअरची आरामाची. ही ड्रायव्हरची हौस, दुसरं काय! आवाज घाईघाईने पुढे धावायचा, गिअर आपला सावकाश मागून यायचा आणि मधे बाईंच्या पोटाचे हाल. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

"म्हणजे मी इतके दिवस स्पीकर ऐकत होतो," हे म्हणाले.

इतकं वाईट वाटलं, की माझ्याकडून चिडवलंसुद्धा गेलं नाही. उलट मीच शिकवलं, "कुणी बघितलंय? सांगा, कानाने ओळखलं म्हणून. मी इथेच उतरते, रिक्षाने जाते." ह्यांनी मला उतरू दिलं नाही. गाडी तशीच मला घेऊन वर्कशॉपच्या दारात आणली.

सगळे जेवून हात पुसत उभे होते. ह्यांनी मॅनेजरला पडदा दाखवला. तो खूश झाला. "वा, काका! कसं ओळखलंत?"

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. सांगा ना, कानाने!

"मी नाही ओळखलं," हे म्हणाले. "मी चुकलो होतो. गिअरबॉक्स चांगला आहे. हिने ओळखलं."

"काकू गाडीत होत्या?"

"मी बसवलं. नियम मोडला."

मॅनेजरने सेटिंग बदलली, स्वतः मागे बसला आणि ह्यांना एक फेरी मारायला लावली. परत आला तो पोटावर हात फिरवत. "काही नाही जाणवलं," म्हणाला. मग जरा घुटमळला. "काका, नियम मोडल्याचं पत्र द्यावं लागेल."

"द्या."

"आणि फेरी तुम्हीच मारायची. पण आधी पडदा बघायचा, मग कान. सोमवारी मी चांगला गिअरबॉक्स फाडून बसलो असतो. चुकलो म्हणून सांगायला तुम्ही आलात, लॅपटॉप काही माझ्याकडे आला नसता."

संध्याकाळी ते पत्र खिशात घालून आम्ही स्कूटरवर निघालो. मी ह्यांच्या पाठीमागून हळूच म्हटलं, "सगळ्यांसमोर चुकलो म्हणालात. मला फार बरं वाटलं हो." म्हटलं आणि "ऐकू दे"ची वाट बघत बसले.

स्कूटर हळू झाली. बाजूला थांबली. ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मागे वळले.

"काय म्हणालीस?"

बत्तीस वर्षांत माझ्यासाठी इंजिन बंद झालेलं नव्हतं.

"काही नाही," मी कसंबसं म्हटलं, "तेवढा कचरा बाहेर ठेवा म्हटलं."

"ठेवतो," हे म्हणाले. स्कूटर काही चालू केली नाही. "आणखी?"